चरित्र भूमिकांवर घर चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, हौशी आणि प्रायोगिक नाटकांत दहा-बारा वर्षं काम केलेलं, हातात नोकरी आहे. ती सोडून मुंबईत मालिका-चित्रपटांत चरित्र भूमिका (नायक-नायिका सोडून इतर पात्रांच्या) केल्या तर महिन्याला किती सुटतील?

घर चालतं. पण 'महिन्याला किती' हा नोकरदाराचा हिशेब आहे, तो इथे लागू पडत नाही. इथे तीन आकडे विचारायचे: वर्षात कामाचे दिवस किती, त्यातले करारात बांधलेले किती, आणि काम केल्यापासून पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात. दिवसाचा दर चौथा. नवखा माणूस दरावर तासभर घासाघीस करतो आणि उरलेल्या तीन आकड्यांवर न वाचता सही करतो. पुढे जे बिघडतं ते बहुतेक इथेच.

मालिकेपासून सुरुवात करू, कारण चरित्र अभिनेत्याचा भात-भाकरीचा पैसा तिथूनच येतो.

मालिकेत भूमिका दोन जातीच्या असतात: घरातली आणि बाहेरची. नायिकेचा सासरा, आत्या, मोठा दीर, घरातले नोकर-चाकर ही घरातली मंडळी. मालिकेचं बहुतेक शूटिंग घराच्या सेटवर होतं. सण, लग्न, भांडण असलं की संवाद असो-नसो, सगळं कुटुंब फ्रेममध्ये लागतं. त्यामुळे घरातल्या भूमिकेला महिन्याला बारा-पंधरा दिवस सहज निघतात. वकील, इन्स्पेक्टर, डॉक्टर, खलनायकाचा भागीदार या बाहेरच्या भूमिका. प्रसंग दमदार, संवाद भरपूर, पण महिन्याला तीन-चार दिवस, आणि ट्रॅक, म्हणजे त्या पात्राचं उपकथानक, संपला की फोन बंद. दिवसाचा दर बाहेरच्या भूमिकेला जास्त मिळाला तरी वर्षाचा हिशेब केला तर मुका काका इन्स्पेक्टरच्या पुढे जातो. अभिनयाच्या दृष्टीने हे कटू वाटेल, पण प्रश्न घर चालवण्याचा आहे.

म्हणून करारात सगळ्यात आधी 'मिनिमम गॅरंटी' शोधा, म्हणजे महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे मिळणार, बोलावलं तरी आणि न बोलावलं तरी. मग तिची शेपूट वाचा. 'ट्रॅक होल्डवर असल्यास गॅरंटी लागू नाही' असं एक वाक्य पुढे असलं की गॅरंटी कागदावरच राहते. 'उरलेले दिवस पुढच्या महिन्यात वळते केले जातील' हे दुसरं वाक्य. या महिन्यात बारापैकी सात दिवस बोलावलं, तर उरलेल्या पाचांचे पैसे न देता पुढच्या महिन्यात तुमच्याकडून सतरा दिवस काम करून घेता येतं. वळते करायचेच असतील तर फक्त एका महिन्यापुरते, आणि तेव्हाही वापरले नाहीत तर पैसे द्यायचे, असं लिहून घ्या.

दुसरी अडचण तारखांची. कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी कळतो. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात, त्यावर कथानक हलतं, आणि शेड्यूलही हलतं. म्हणजे पैसे बारा दिवसांचे, पण अडकून पडता तीसच्या तीस दिवस. यावर उपाय तारखांचे गट. महिन्याच्या १ ते ७ आणि १५ ते २१ या तारखा त्यांच्या, बाकीच्या तुमच्या. बाकीच्या तारखांना काम लागलं तर तुम्ही मोकळे असाल तरच. प्रॉडक्शन आधी नाही म्हणेल. नायक-नायिकेला हे मिळत नाही, पण चरित्र अभिनेत्याला बऱ्याचदा मिळतं, कारण त्याचे प्रसंग एकत्र बांधून घेणं त्यांनाही सोयीचं असतं. हे गट एकदा लेखी झाले की दुसरी मालिका, चित्रपट, नाटक यांना जागा होते. 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे दुसरीकडे काम करायचं नाही, हा शब्द करारात असेल तर मात्र गटांचा काही उपयोग नाही. चरित्र भूमिकेसाठी एक्सक्लुझिव्हिटी द्यायचीच असेल तर गॅरंटी वीस दिवसांच्या खाली नको.

आता पैसे कधी येतात ते. मालिकांत ९० दिवसांची उधारी ही रूढी आहे. एक नमुन्याचा हिशेब मांडतो. दर निव्वळ उदाहरणासाठी १०,००० धरला आहे, तुमचा कमी-जास्त असेल.

जुलैत १२ दिवस काम झालं. ३१ जुलैला १,२०,००० रुपयांचं बिल गेलं. ९० दिवस म्हणजे २९ ऑक्टोबर. त्या दिवशी टीडीएस १० टक्के कापून १,०८,००० येतील. काम कोऑर्डिनेटरमार्फत (काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत) आलं असेल आणि त्याचं कमिशन १५ टक्के असेल, तर १८,००० त्याचे. हातात ९०,०००. कमिशन एकूण बिलावर की टीडीएस वजा जाता आलेल्या रकमेवर, हे काम घेतानाच ठरवा; इथे फरक १,८०० रुपयांचा आहे, पण तो दर महिन्याचा आहे. कमिशन पैसे आल्यावरच द्यायचं, बिल काढल्यावर नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या.

शूटिंग १ जुलैला सुरू झालं असेल तर पहिला रुपया जवळपास चार महिन्यांनी दिसतो. त्यातच '९० दिवस' कशापासून मोजायचे यात खोच असते. शूटिंगच्या महिन्यापासून, बिल मिळाल्यापासून की प्रक्षेपणापासून? प्रक्षेपणापासून असेल आणि मालिकेने एपिसोड्सची बँक करून ठेवली असेल, म्हणजे भाग आधीच शूट करून साठवले असतील, तर आणखी काही आठवडे गेले. बिल मिळाल्यापासून असेल तर ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी ईमेलने पाठवा आणि पोच घ्या. बिल दहा दिवस उशिरा गेलं तर पैसे दहा दिवस उशिरा येतात आणि त्यात दोष तुमचाच.

या उधारीचा एक उलटा परिणामही आहे, आणि तो जास्त घातक. मालिका बंद पडल्यावर तीन महिने पैसे येतच राहतात. काम नसताना खात्यात नियमित जमा होत असल्यामुळे माणूस निर्धास्त राहतो, ऑडिशनला जात नाही. चौथ्या महिन्यात खातं कोरडं पडतं. त्यानंतर नवं काम मिळालं तरी त्याचे पैसे पुढे चार महिन्यांनी. मालिका संपल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात शोधाशोध सुरू करायची.

कराचं थोडक्यात सांगतो, पण त्यातही मुद्दा पैसे अडकण्याचाच आहे. एका निर्मात्याकडून वर्षभरात ५०,००० च्या वर रक्कम झाली की व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो. २०२५-२६ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती. वरच्या उदाहरणातला अभिनेता वर्षभर तसाच चालला तर एकूण बिल १४,४०,००० आणि टीडीएस १,४४,०००. 'चित्रपट कलाकार' हा अधिसूचित व्यवसाय असल्यामुळे अनुमानित उत्पन्न योजनेत पन्नास टक्के, म्हणजे ७,२०,००० उत्पन्न दाखवता येतं. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे कापलेले सगळे १,४४,००० परत मिळायचे, पण विवरणपत्र भरल्यावर, पुढच्या वर्षी. एक ग्यानबाची मेख: कायद्यातली चित्रपट कलाकाराची व्याख्या चित्रपटनिर्मितीशी बांधलेली आहे. कमाई मुख्यतः मालिकांची असेल तर ही योजना वापरण्याआधी सीएचं मत लेखी घ्या. आणि दर तिमाहीनंतर प्राप्तिकराच्या पोर्टलवर पाहा. काही निर्मिती संस्था टीडीएस कापतात पण भरत नाहीत. तो तुमच्या पॅनसमोर दिसला नाही तर परतावा अडकतो, आणि वर्षभराने आठवण करून द्यायला जाल तेव्हा ती संस्था दुसऱ्याच नावाने चालू असते.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख. ती एकूण बिलांवर मोजतात, कमिशन वजा करून नव्हे. इथे पुष्कळ जण चुकतात. नोंदणी झाली की बिलावर १८ टक्के. जुलैच्या १,२०,००० वर २१,६०० झाले. मासिक विवरणपत्र भरत असाल तर हे २० ऑगस्टपर्यंत सरकारला द्यायचे, आणि निर्मात्याकडून येणार २९ ऑक्टोबरला. मधले दहा आठवडे खिशातून. करार तीन महिन्यांहून मोठा असेल आणि त्यात पैसे देण्याच्या ठरावीक तारखा लिहिलेल्या असतील, तर सलग सेवेच्या नियमाखाली बिल त्या देय तारखेला काढता येतं. त्यासाठी करारातली भाषा तशी असावी लागते, म्हणून सही करण्याआधी सीएला दाखवा. बिलात जीएसटी वेगळा दाखवा, म्हणजे टीडीएस फक्त मानधनावर कापला जाईल.

चित्रपटाचा हिशेब वेगळा. तिथे एकरकमी आकडा ठरतो आणि त्यामागे दिवस असतात: 'दहा दिवसांचे इतके.' दिवसांची संख्या करारात नसेल तर तेच दहा दिवस चौदा होतात. अकराव्या दिवसापासूनचा दर, प्रवासाचा दिवस अर्धा की शून्य, पॅचवर्कचे (राहिलेले तुकडे नंतर शूट करण्याचे) दिवस आणि डबिंगच्या शिफ्ट कशात धरल्या आहेत, हे चार मुद्दे लिहून घ्यायचे. हप्त्यांची साधी विभागणी म्हणजे सही करताना पाव, शूटिंग चालू असताना निम्मे, डबिंगच्या आधी उरलेला पाव. डबिंगच्या आधी का? कारण आवाज दिल्याशिवाय चित्रपट पूर्ण होत नाही, ही अभिनेत्याच्या हातातली शेवटची चावी. सिंक साउंडमध्ये, म्हणजे सेटवरच अंतिम आवाज ध्वनिमुद्रित करून, शूटिंग असेल तर ही चावीच नसते. तिथे शेवटचा हप्ता तुमच्या शेवटच्या शूटिंग दिवसाच्या आदल्या दिवशी मागा. 'प्रदर्शनानंतर' असा हप्ता कधीही मान्य करू नका. पूर्ण होऊन डब्यात पडून राहिलेले चित्रपट मराठीत थोडेथोडके नाहीत.

एक खर्च कुणी मोजत नाही तो म्हणजे केस-दाढीची कंटिन्युइटी. चित्रपटासाठी दाढी वाढवली, शेड्यूल दोन महिन्यांनी पुढे गेलं, की तेवढे दिवस गुळगुळीत चेहऱ्याची सगळी कामं गेली. शेड्यूल ठरलेल्या तारखेच्या पुढे गेल्यास लूक बदलण्याची मुभा असेल किंवा महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल, असं कलम मागता येतं. छोट्या निर्मितीत रक्कम मिळणार नाही, मुभा मिळते.

वेब मालिका पैशांच्या बाबतीत चित्रपटासारखी: एकूण दिवस, एकूण रक्कम, आणि हक्क जगभरासाठी, कायमचे. जाहिरात मात्र वेगळी आहे, आणि चरित्र अभिनेते तिच्याकडे उगाच नाक मुरडतात. तिथे दिवसाच्या कामाबरोबर वापराची मुदत ठरते, बहुधा एक वर्ष. कुठल्या माध्यमांत, कुठल्या देशांत, तेही ठरतं. मुदत संपल्यावर जाहिरात पुन्हा चालवायची तर पुन्हा पैसे. इथे न राबता दुसऱ्यांदा पैसे मिळण्याचा हा जवळपास एकमेव मार्ग आहे. पण आठवण करून देणारं कुणी नसतं. मुदत शूटिंगपासून की पहिल्या प्रक्षेपणापासून हे लिहून घ्या, ती तारीख फोनमध्ये टाका. वर्ष उलटलं की कंपनीचं यूट्यूब चॅनेल उघडून पाहा. जाहिरात तिथेच असते. स्क्रीनशॉट काढून कोऑर्डिनेटरला नूतनीकरणाचं बिल पाठवायला सांगा. स्पर्धक ब्रँडची अटही वाचा. चहाची एक जाहिरात केली की वर्षभर दुसऱ्या कुठल्याही चहाची करता येत नाही, आणि काही करारांत 'चहा' ऐवजी 'पेयं' लिहिलेलं असतं.

व्यावसायिक नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मालिकेच्या एका दिवसापेक्षा कमी असू शकते, पण प्रयोग संपला की पाकीट हातात. ९० दिवसांच्या उधारीत महिन्याला आठ-दहा प्रयोगांचे पैसे वाणसामान आणि वीजबिल भागवतात. मात्र गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा घोडबंदर रोडच्या सेटवर सहाला पॅकअप सांगून साडेआठला पार्ल्याचं दीनानाथ किंवा ठाण्याचं गडकरी नाट्यगृह गाठणं रोज जमत नाही. शनिवार-रविवारी दुपारनंतर सुट्टी, ही ओळ मालिकेच्या करारात असेल तरच नाटकवाल्यांना शब्द द्या.

पुन:प्रक्षेपणाच्या पैशांबद्दल हमखास विचारतात. अमेरिकेत कलाकारांच्या संघटनेने करारातूनच ती पद्धत बसवली आहे. २०२३ मध्ये त्यांनी ११८ दिवस संप केला त्यातला एक मोठा मुद्दा स्ट्रीमिंगवरच्या अशाच मोबदल्याचा होता. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क ५० वर्षांचा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा उल्लेखही आहे. पण चित्रपटात काम करायला लेखी संमती दिली की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, निर्मात्याने त्या चित्रपटापुरता तो हक्क वापरण्याला हरकत घेता येत नाही. प्रत्यक्षात चरित्र अभिनेत्याच्या खात्यात पुन:प्रक्षेपणाचा रुपया येत नाही, हे धरूनच दर ठरवा.

त्याच कायद्यात एक बारीक गोष्ट आहे जी फार थोड्या अभिनेत्यांना माहीत असते. चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीनुसार ज्याचं नाव नामावलीत कुठेच येत नाही, त्याला 'कलावंत' धरलं जात नाही. त्याच्या कामाची विटंबना झाली तर हरकत घेण्यापुरताच त्याचा हक्क उरतो. म्हणजे नामावलीतलं नाव ही हौस नाही. 'श्रेयनामावलीत नाव देण्यात येईल' हे वाक्य दोन दिवसांच्या कामालाही मागा.

अलीकडे करारांत आणखी एक परिच्छेद घुसतो: चेहरा, आवाज आणि हालचाली 'सध्याच्या व भविष्यातल्या कोणत्याही तंत्राने' वापरण्याचा हक्क. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा वापराविरुद्ध संरक्षण दिलं, पण चरित्र अभिनेत्याला तिथपर्यंत जाणं परवडत नाही. त्याने सही करतानाच 'फक्त या कलाकृतीपुरतं' एवढे शब्द घालून घ्यावेत. निर्माते याला फारसा विरोध करत नाहीत, कारण तो परिच्छेद त्यांनीही वाचलेला नसतो.

काम सोडण्याचं कलम बहुधा एकतर्फी असतं: त्यांनी काढलं तर आजच्या आज, तुम्ही सोडलं तर दोन-तीन महिन्यांची नोटीस, नाहीतर थकलेले पैसे दंड म्हणून जप्त. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी मागा. नाही मिळाली तर निदान 'केलेल्या कामाचे पैसे कोणत्याही कारणाने रोखले जाणार नाहीत' हे घालून घ्या.

पैसे बुडाले तर पुरावा लागतो, आणि तो रोजच्या रोज जमवलेला असावा लागतो. सेटवर सही करता त्या व्हाउचरचा फोटो, व्हॉट्सॲपवर आलेला कॉल, आत शिरल्याची आणि पॅकअपची वेळ, प्रसंग क्रमांक, एवढं एका वहीत. ९१ व्या दिवशी अकाउंट्सला ईमेल, फोन नव्हे. आठवड्याने निर्मात्याला. मग संघटनेकडे लेखी तक्रार, करार आणि बिलं जोडून. सिंटा ही १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे. सभासद असाल तर ती निर्मात्याला बोलावून मध्यस्थी करते. सभासदत्वाची फी भरताना लोक कुरकुरतात आणि पैसे थकल्यावर धावत जातात. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे; 'देतो, देतो' ऐकत ती निघून जाते.

काम मिळवण्याबद्दल थोडंच सांगतो. आरामनगरच्या (वर्सोव्यातल्या कास्टिंग ऑफिसांच्या वस्तीतल्या) गल्ल्यांत फाइल घेऊन फिरण्याचे दिवस सरत आले. बहुतेक पहिल्या फेऱ्या सेल्फ टेस्टवर, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर, होतात. फोन आडवा, मागे कोरी भिंत, उजेड समोरून, सुरुवातीला नाव-वय-उंची आणि डावी-उजवी बाजू, मग प्रसंग. आवाज स्वच्छ हवा, पंखा बंद. समोरचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा करा आणि त्याला हळू वाचायला सांगा. त्याचा आवाज तुमच्यावर चढला की टेस्ट गेली. नाटकातून आलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. आवाज निम्मा करा, भुवया स्थिर ठेवा. प्रोफाइलमध्ये चार फोटो पुरे: बंडी-धोतर, शर्ट-पँट, सूट, आणि पोलीस किंवा वकील. पाचवा 'तरुण दिसणारा' फोटो नको. साच्यात अडकण्याची भीती पहिल्या पाच वर्षांत बाळगू नका. 'हा वकील छान करतो' ही ओळख पहिल्या वर्षांत घरभाडं देते. साचा मोडायचं काम नाटकात करता येतं. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो. नोंदणी फी, पोर्टफोलिओ सक्तीने, कार्ड काढून देतो, अनामत भरा, यातलं काहीही ऐकलं की उठून यायचं.

आता नोकरी. अमरीश पुरी बरीच वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करत नाटकं करत होते, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते आणि १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. घाई दोघांनीही केली नाही. तुमच्यासाठी हिशेब असा: पहिली घरातली भूमिका मिळायला सहा महिने धरा, तिचे पैसे यायला चार. दहा महिने शून्य आवक. त्यात मालिका लवकर बंद पडण्याचा धोका मिळवला तर बारा ते पंधरा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत हवा, आणि प्रॉव्हिडंट फंडाला हात न लावता. एवढा नसेल तर आधी रजा टाकून जाहिराती आणि दोन-तीन दिवसांच्या भूमिका करा. तीन-चार ठिकाणी चेहरा दिसला की पुढचा फोन लवकर येतो.

राजीनामा देण्याआधी कंपनीच्या आरोग्य विम्याचं पाहा. नोकरी संपली की ते संरक्षणही संपतं. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. चाळिशीनंतर रक्तदाब किंवा साखर निघाली की नवी पॉलिसी महाग पडते, आणि बारा तासांच्या शिफ्टमध्ये, सेटवरच्या अवेळी जेवणावर, हे आजार निघायला फार वर्षं लागत नाहीत.